रशियन कॉन्सर्टो: सोलोइस्ट गेला कुठे?

खर्जातली_केतकी

२०२५ च्या मार्चमध्ये रशियन संगीतकार सोफिया गुबायदुलिना गेल्या आणि ऑगस्टमध्ये दुसरे रशियन संगीतकार रोदिओन श्चेद्रिन. दोघंही नव्वदीच्या पुढचे. दोघांचं संगीत मी गेली बरीच वर्षं ऐकतेय आणि त्यावर मराठीत गप्पा मारायला कुणीतरी असावं असं फार वाटत होतं, म्हणून हा धागा.

विषय असा की कॉन्सर्टो म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर काय येतं, स्टेजच्या पुढच्या बाजूला एक पियानिस्ट किंवा व्हायोलिनवाला, मागे सत्तर-ऐंशी जणांचा ऑर्केस्ट्रा, आणि त्या एकट्याने त्या सगळ्यांना पुरून उरायचं. रशियन संगीतात याची मोठी उदाहरणं सगळ्यांना माहीत आहेत, चायकोव्हस्कीचा पहिला पियानो कॉन्सर्टो (१८७५ मध्ये तो पहिल्यांदा वाजला तोही बोस्टनला), रख्मानिनोव्हचा दुसरा, १९०१ चा. पण त्यानंतरच्या साठ वर्षांत तिकडे जे घडलं ते मला जास्त ओढून घेतं. सोलोइस्ट हळूहळू मागे सरकतो, कधी त्याच्या जोडीला दुसरा येऊन बसतो, कधी ऑर्केस्ट्राच त्याला गिळतो, आणि १९६३ मध्ये श्चेद्रिन असा कॉन्सर्टो लिहितात की ज्यात सोलोइस्टच नाही, अख्खा ऑर्केस्ट्राच सोलोइस्ट. असे त्यांनी पाच लिहिले, १९६३ ते १९९८ या काळात.

माझं म्हणणं असं की ही नुसती फॉर्मची गंमत नाही. एकटा माणूस आणि समूह यांचं नातं काय, हा प्रश्न तिकडच्या माणसांना रोजच्या जगण्यात पडत होता आणि तो कॉन्सर्टोत उतरला. पटतंय का बघा. ज्यांनी ऐकलंय त्यांनी भर घाला, ज्यांनी नाही त्यांनी बिनधास्त विचारा.

पेडररोडकर

केतकी, छान विषय काढलास. आमच्या तरुणपणी मुंबईत सोव्हिएत पुस्तकं जिथे मिळायची तिथे मेलोदिया कंपनीच्या तबकड्याही कधीकधी मिळायच्या, स्वस्त असायच्या आणि कव्हरवरचं अक्षर वाचता यायचं नाही, चित्र बघून घ्यायच्या. तशा एका तबकडीवर मी व्हायोलिनवादक ओइस्त्राख पहिल्यांदा ऐकला आणि तिथून जो नाद लागला तो आजतागायत.

रख्मानिनोव्हबद्दल एक सांगतो, ते पुढे कामाला येईल. दुसऱ्या कॉन्सर्टोची सुरुवात आठव. पियानो एकटा आठ स्वरसंघात वाजवतो, सुरुवातीला अगदी हळू आणि मग एकेक करत चढत जाणारे, आणि प्रत्येकाच्या तळाशी तोच खालचा जाड स्वर पुन्हा पुन्हा पडतो. ती सरळ सरळ घंटा आहे, दुरून ऐकू येणारी आणि जवळ येत जाणारी. आणि ऑर्केस्ट्रा आला की मुख्य सुरावट व्हायोलिनं घेतात, पियानो खाली नुसत्या लाटा उठवत बसतो. म्हणजे १९०१ मध्येच सोलोइस्टने पहिली सुरावट दुसऱ्याला देऊन टाकलीय. तुझ्या मुद्द्याची सुरुवात इथूनच धर.

ढोलकी_आणि_ड्रम

वाचतोय, मस्त चाललंय. पण एक बेसिक शंका. सोलोइस्टच नाही तर त्याला कॉन्सर्टो का म्हणायचं? मग सिम्फनी आणि त्यात फरक काय राहिला? मी तालवाद्यवाला माणूस आहे, पाश्चात्त्य क्लासिकल थोडंफार ऐकतो पण हे नाव मला कळत नाहीये.

खर्जातली_केतकी

@ढोलकी, रास्त शंका आहे. सिम्फनीत वाद्यं मिळून एक मोठं काहीतरी बांधतात, कुठलं वाद्य काय वाजवतंय याकडे लक्ष गेलं नाही तरी चालतं. कॉन्सर्टो फॉर ऑर्केस्ट्रा म्हटलं की प्रत्येक गटाला पुढे यायची पाळी मिळते, आत्ता बासून, आत्ता ट्रम्पेट, आत्ता फक्त व्हायोलांची रांग, आणि त्यांना सोलोइस्टला देतात तसंच अवघड वाजवायला दिलेलं असतं. कौशल्य दाखवायचंय, पण सगळ्यांनी.

ही कल्पना रशियन नाही. हिंडेमिथने १९२५ मध्ये या नावाने लिहिलं, कोदायने लिहिलं, आणि सगळ्यात गाजलेला बार्तोकचा. पण त्यातही रशियन धागा आहेच. बार्तोक अमेरिकेत आजारी आणि तंगीत असताना त्याच्याकडून तो कॉन्सर्टो लिहून घेतला सर्गेई कुसेवित्स्कीने, हा मूळचा रशियन, आधी डबल बास वाजवणारा आणि मग बोस्टन सिम्फनीचा कंडक्टर. १ डिसेंबर १९४४ ला बोस्टनमध्ये पहिला प्रयोग. आणि त्याच्या चौथ्या भागात मध्येच एक वेडावून दाखवणारी सुरावट घुसते ती शोस्ताकोविचच्या सातव्या सिम्फनीतली, लेनिनग्राडवाली, जी त्या काळात अमेरिकेत रेडिओवर सारखी वाजत होती.

म्हणजे रशियाबाहेर हा प्रकार रुळला होता. रशियाच्या आत मात्र तो यायला अजून वीस वर्षं लागली, आणि का लागली हे समजून घ्यायला शोस्ताकोविचकडे जावं लागेल. @सातारी_सेलो, तू आहेस ना इथे? हा भाग तू लिही.

सातारी_सेलो

आहे आहे, ताई बोलावणार आणि मी येणार नाही असं होईल का.

शोस्ताकोविचचे कॉन्सर्टो एकूण सहा, दोन पियानोचे, दोन व्हायोलिनचे, दोन सेलोचे. पहिला १९३३ चा, पियानोचा, पण पियानोच्या शेजारी एक ट्रम्पेट आहे आणि मागे फक्त तारवाद्यं. त्या ट्रम्पेटचं काम काय तर पियानो जरा गंभीर व्हायला लागला की मध्ये येऊन काहीतरी उनाड बोलायचं. सोलोइस्टच्या अधिकाराला तिथेच पहिला धक्का बसलाय असं मला वाटतं.

मग व्हायोलिनचा पहिला. हा त्याने १९४७ च्या उन्हाळ्यात सुरू केला आणि मार्च १९४८ मध्ये संपवला, आणि मधेच, १० फेब्रुवारी १९४८ ला कम्युनिस्ट पक्षाचा तो ठराव आला ज्यात शोस्ताकोविच, प्रोकोफिएव्ह, खाचातुरियन सगळ्यांवर फॉर्मॅलिस्ट, म्हणजे लोकांपासून तुटलेलं संगीत लिहिणारे, म्हणून शिक्का मारला. कॉन्सर्टो पूर्ण झाला आणि टेबलाच्या खणात गेला. स्टालिन गेला १९५३ ला आणि हा वाजला २९ ऑक्टोबर १९५५ ला, लेनिनग्राडमध्ये, व्हायोलिनवर ओइस्त्राख आणि कंडक्टर म्राविन्स्की.

यातला तिसरा भाग पासाकालिया, खालचे सेलो-बास एकच जड सुरावट सारखी फिरवत राहतात आणि वर व्हायोलिन बोलत राहतं, मग एकेक करून सगळी वाद्यं निघून जातात आणि व्हायोलिन एकटं उरतं. तिथून जी कडेन्झा, म्हणजे सोलोइस्टचं एकट्याचं वादन, सुरू होते ती पाच मिनिटांच्या आसपास, म्हणजे जवळजवळ वेगळा भागच. नेहमीच्या कडेन्झात कलाकार आपली तयारी दाखवतो, इथे एकटा माणूस स्वतःशी बोलायला लागतो, आधी सावकाश, मग घाईने, मग अक्षरशः गज तुटेल अशा जोराने, आणि थेट शेवटच्या भागात जाऊन आदळतो. ओइस्त्राखने शोस्ताकोविचला विनंती केली होती की अहो शेवटच्या भागाची सुरुवात तरी ऑर्केस्ट्राला द्या, मला निदान कपाळावरचा घाम पुसू दे, आणि त्याने खरंच बदल केला, सुरुवातीची ती सुरावट ऑर्केस्ट्राला दिली. आता व्हिडिओ बघताना त्या जागी व्हायोलिनवाल्याकडे बघा, प्रत्येक जण त्या थोड्याशा सेकंदांत श्वास घेताना दिसतो.

सेलोचा पहिला, १९५९, सेलोवादक रोस्त्रोपोविचसाठी. ब्रास (पितळी वाद्यांच्या) विभागात फक्त एक हॉर्न ठेवलाय, एकच, आणि तो जवळजवळ दुसरा सोलोइस्ट आहे, सेलोला टोकत राहतो, त्याचीच चार स्वरांची सुरावट त्याच्याच तोंडावर परत मारतो. शेवटच्या भागात स्टालिनच्या आवडत्या 'सुलिको' या गाण्याचा तुकडा इतका मोडूनतोडून लपवलाय की रोस्त्रोपोविचलाही तो दाखवून द्यावा लागला होता.

आणि प्रोकोफिएव्हला विसरू नका. १९३८ मध्ये त्याचा सेलो कॉन्सर्टो मॉस्कोत आपटला होता. पुढे १९४७ मध्ये तरुण रोस्त्रोपोविचने तो पियानोच्या साथीने वाजवला, प्रोकोफिएव्हने ऐकला आणि दोघांनी मिळून तो नव्याने घडवला, फेब्रुवारी १९५२ मध्ये वाजला तेव्हा कंडक्टर होता स्वियातोस्लाव रिख्तर, पियानिस्ट माणूस, आयुष्यात एवढं एकदाच ऑर्केस्ट्रा कंडक्ट केला. त्याचं शेवटचं नाव सिम्फनी-कॉन्सर्टो, आणि ते नाव उगाच नाही, ऑर्केस्ट्रा तिथे साथीला नाही, बरोबरीला आहे.

माहेरवाशीण_विदर्भ

वाचनखूण साठवली. सेलो दादा, पासाकालिया आत्ता ऐकला, दोनदा. अंगावर काटा आला.

खर्जातली_केतकी

आता १९६३. ख्रुश्चेव्हचा काळ, थोडी मोकळीक आलेली. श्चेद्रिन तिशीतला, स्वतः उत्तम पियानिस्ट, माया प्लिसेत्स्काया ही बोल्शोयची प्राइमा बॅलेरिना त्याची बायको. तो कॉन्सर्टो फॉर ऑर्केस्ट्रा लिहितो आणि नाव देतो 'खट्याळ चास्तुश्का'. चास्तुश्का म्हणजे रशियन खेड्यातलं चार ओळींचं झटपट गाणं, यमक जुळवलेलं, कुणाची तरी टर उडवणारं, अकॉर्डियन किंवा बालालायकावर म्हणायचं, एकीने म्हटलं की दुसरीने त्यावर कडी करायची.

पूर्ण तुकडा आठ-नऊ मिनिटांचा. हेडफोन लावून ऐका. डबल बास बोटांनी छेडलेले, जॅझमध्ये चालतो तसा चालता बास, त्यावर एक वाद्य एक छोटीशी सुरावट टाकतं, लगेच दुसरं तिला वाकडी करून परत देतं, तिसरं मध्येच घुसतं आणि मूळ सुरावट कुठली होती हे विसरायला होतं. ट्रम्पेट मूट (आवाज दाबणारं बूच) लावून नाकात बोलतात. व्हायोलिनवाले मध्येच वाजवायचं सोडून गजाने समोरच्या स्टँडवर टकटक करतात. पियानो आहे, पण मानाच्या जागेवर नाही, सगळ्यांमधला एक. कुणालाच सलग गाऊ दिलेलं नाही आणि कुणालाच गप्प बसू दिलेलं नाही, आणि लय इतकी घट्ट बांधलीय की एका जणाने अर्धी मात्रा चुकवली तर डोलारा कोसळेल. म्हणून मोठमोठे ऑर्केस्ट्रा हा तुकडा कार्यक्रमाच्या शेवटी हौसेने वाजवतात, त्यांनाही दाखवायचं असतं की बघा आम्ही काय करू शकतो.

आणि मला यात सगळ्यात काय आवडतं, तर समूह म्हणजे एका सुरात घोषणा देणारा जमाव ही जी तिथली सरकारी कल्पना होती, हजार माणसांचा कोरस वगैरे, तिच्या हे बरोब्बर उलट आहे. इथला समूह म्हणजे ऐंशी टगी माणसं, प्रत्येकाला स्वतःचं तोंड आहे.

माहेरवाशीण_विदर्भ

केतकीताई, हे वाचून मला लगेच आमच्याकडची लग्नातली उखाण्यांची चढाओढ आठवली. एकीने नाव घेतलं की दुसरी त्याच यमकावर कुरघोडी करते, आणि त्यात सासूला चिमटा ठरलेला. लिंक शोधून ऐकला. टकटकीचा भाग सापडला!!

खर्जातली_केतकी

@माहेरवाशीण, जात तीच. फक्त चास्तुश्कात चिमटा सासूपुरता थांबायचा नाही, सामूहिक शेतीचा अध्यक्ष, स्थानिक पक्षवाला, रेशन, सगळ्यांवर असायचा आणि त्यासाठी लोक तुरुंगातही गेलेत. त्यामुळे 'खट्याळ' हे विशेषण वाटतं तितकं निरागस नाही. श्चेद्रिनने अर्थात शब्द वापरलेच नाहीत, नुसत्या सुरावटी. याच्या आधी, कॉन्झर्व्हेटरीत असतानाच, १९५४ च्या पहिल्या पियानो कॉन्सर्टोतही त्याने चास्तुश्का वापरली होती, पण तिथे सोलोइस्ट होता आणि ते बरंच शिस्तीतलं वाटतं.

पेडररोडकर

आता घंटा. माझा आवडता तो श्चेद्रिनचा दुसरा कॉन्सर्टो फॉर ऑर्केस्ट्रा, 'घंटानाद'. न्यूयॉर्क फिलहार्मोनिकला १२५ वर्षं झाली म्हणून त्यांनी जगभरातल्या संगीतकारांकडून नवीन कामं मागवली, ताकेमित्सुने त्याच निमित्ताने 'नोव्हेंबर स्टेप्स' लिहिलं, बेरिओने 'सिन्फोनिया', आणि सोव्हिएत संघातून श्चेद्रिन. जानेवारी १९६८ मध्ये कंडक्टर बर्नस्टाइनने वाजवला.

रशियन घंटा कशी वाजते हे माहीत असेल तर हा तुकडा पटकन उलगडतो. पश्चिम युरोपात चर्चची घंटा स्वतः झुलते. रशियात घंटा जागेवर पक्की टांगलेली, हलत नाही, आतला लोळा दोरीने ओढून तिच्या कडेवर मारतात. सगळ्या दोऱ्या एका जागी आणून बांधलेल्या असतात, एक माणूस हाताच्या बोटांत लहान घंटांच्या दोऱ्या धरतो, दुसऱ्या हाताने मधल्या ओढतो, मोठ्या घंटेसाठी पायाखाली फळी असते. सगळ्यात मोठ्यांना वेगळी माणसं लागतात, रोस्तोव वेलिकीच्या मनोऱ्यातली सिसोय नावाची घंटा ३२ टनांची आहे. त्यामुळे सुरावट असा प्रकार तिथे नाहीच, सगळा खेळ लयीचा आणि थरांचा, खाली दर काही सेकंदांनी पडणारा प्रचंड ठोका, मध्ये दुप्पट गती, वर चौपट चिवचिवाट. आणि प्रत्येक घंटेत इतके उपस्वर की दोन घंटा एकत्र वाजल्या तर बेसूर-सुरेल हा हिशेबच उरत नाही.

श्चेद्रिनने नेमकं हे ऑर्केस्ट्रात बसवलं. ब्रासच्या गच्च स्वरसंघातांचे ठोके, त्यावर लाकडी सुषिरवाद्यांचा चिवचिवाट, आणि त्यातून मध्ययुगीन चर्चमधल्या पठणाची सावली. १९६८ च्या अत्याधुनिक मंडळींना ते अत्याधुनिक वाटलं असेल, पण ध्वनी शेकडो वर्षं जुना. आणि हे लक्षात घ्या की १९३० च्या आसपास सोव्हिएत संघात हजारो घंटा उतरवून वितळवल्या होत्या. मॉस्कोच्या दानिलोव्ह मठाच्या १८ घंटा एका अमेरिकन उद्योगपतीने विकत घेतल्या म्हणून वाचल्या, हार्वर्डला नेऊन टांगल्या, त्या थेट २००८ मध्ये परत आल्या. म्हणजे श्चेद्रिन हे लिहीत होता तेव्हा मॉस्कोच्या बऱ्याच मनोऱ्यांत वाजवायला काही शिल्लकच नव्हतं.

नाराज_निषाद

धागा चांगला आहे पण मला एक खटकतंय ते स्पष्ट बोलतो. श्चेद्रिनच्या पाचही कॉन्सर्टोंचे पहिले प्रयोग बघा. पहिला वॉर्साला, वॉर्सा ऑटम महोत्सवात. दुसरा न्यूयॉर्क. तिसरा 'जुनं रशियन सर्कस संगीत', शिकागो. चौथा टोकियो. पाचवा लंडन, बीबीसी प्रॉम्स, १९९८. एकही रशियात नाही! सर्कस, घंटा, खेड्यातली गाणी, फेर धरून नाचणं, चार रशियन गाणी... परदेशी माणसाला रशिया म्हणून जे जे बघायचं असतं ते सगळं छान रंगवून दिलंय. आणि हा माणूस १९७३ ते १९९० रशियन प्रजासत्ताकाच्या संगीतकार संघाचा अध्यक्ष होता. त्याला जाऊ दिलं, वाजवू दिलं. संगीतकार श्निटकेला देत नव्हते. खरा कॉन्सर्टो बघायचा तर तिकडे बघा.

सातारी_सेलो

निषाद, श्निटकेबद्दल तुमच्याशी सहमत, श्चेद्रिनबद्दल केतकीताई बोलेलच.

श्निटकेचा कॉन्चेर्तो ग्रोसो क्रमांक १, लेनिनग्राड, मार्च १९७७. कॉन्चेर्तो ग्रोसो हा प्रकार विवाल्डी-कोरेल्लीच्या काळातला, एक छोटा गट विरुद्ध मोठा गट. श्निटकेने तो सांगाडा उचलला, दोन व्हायोलिनं (वाजवणारे क्रेमर आणि ग्रिंदेन्को), हार्पसिकॉर्ड (पियानोच्या आधीचं जुनं कीबोर्ड वाद्य), आणि प्रिपेअर्ड पियानो, म्हणजे तारांमध्ये नाणी वगैरे अडकवून आवाज बिघडवलेला. सुरुवातच त्या पियानोने होते, मोडक्या चावीच्या खेळण्यासारखी एक बालगीतासारखी सुरावट. मग टोकाटा हा वेगवान भाग सुरू होतो, ऐकताना वाटतं अरे हा तर विवाल्डी, आणि दहा सेकंदांत एकाच सुरावटीच्या मागे तीच सुरावट, तिच्या मागे तीच, अशा एवढ्या प्रती धावायला लागतात की नुसता गोंगाट उरतो. पुढे रोंदोत व्हायोलिनं तावातावाने भांडत असतात आणि मध्येच हार्पसिकॉर्डवर टँगो! श्निटके म्हणायचा की हा त्याच्या आजीचा आवडता टँगो, आजीची पणजी तो हार्पसिकॉर्डवर वाजवायची. काळ कसा गुंडाळलाय बघा.

त्यातल्या बऱ्याच सुरावटी त्याने सिनेमांसाठी लिहिलेल्या होत्या, कारण पोट सिनेमावर चालायचं, साठच्या वर सिनेमांना संगीत दिलंय त्याने. त्याच वर्षी तो याच कामाच्या दौऱ्यावर पश्चिमेकडे जाऊ शकला, पण संगीतकार म्हणून नव्हे, कीबोर्ड वाजवणारा म्हणून.

असे सहा कॉन्चेर्तो ग्रोसो आहेत. चौथा सगळ्यात चमत्कारिक, १९८८, ॲम्स्टरडॅमच्या ऑर्केस्ट्रासाठी, त्याचंच दुसरं नाव सिम्फनी क्रमांक ५. पहिला भाग व्हायोलिन आणि ओबोचा कॉन्चेर्तो ग्रोसो म्हणून सुरू होतो, दुसऱ्या भागात मालरच्या एका पोरवयातल्या अपुऱ्या पियानो क्वार्टेटचा धागा धरतो, आणि पुढे पुढे सोलोइस्ट दिसेनासेच होतात, उरते सिम्फनी. १९८५ मध्ये त्याला पहिला स्ट्रोक आला होता, त्यानंतरचं हे काम.

चिंचेचं_पान

मी एरवी नुसती वाचणारी, पण गुबायदुलिनांचं नाव वर आलं म्हणून लिहिते. 'ऑफेर्तोरियम', व्हायोलिन कॉन्सर्टो, १९८० चा, नंतर दोनदा सुधारलेला, मे १९८१ मध्ये व्हिएन्नात क्रेमरने वाजवला. सुरुवातीला बाखच्या 'म्युझिकल ऑफरिंग'मधली ती प्रसिद्ध सुरावट येते, पण एका वाद्यावर नाही, एक-दोन स्वर ट्रॉम्बोनला, पुढचे ट्रम्पेटला, असे वाटून दिलेले. आणि शेवटचा स्वर येतच नाही. तिथे व्हायोलिन सुरू होतं. मग प्रत्येक आवर्तनात सुरावटीच्या दोन्ही टोकांचा एकेक स्वर गळत जातो, होता होता फक्त मधला एक स्वर उरतो. आणि शेवटच्या भागात तीच सुरावट पुन्हा जमू लागते, उलटी, शेवटापासून सुरुवातीकडे. व्हायोलिन तिथे खूप उंचावर, एकटं, पण खालचा ऑर्केस्ट्रा त्याच्याशी भांडत नाही, चर्चमधल्या संथ समूहगीतासारखा त्याला धरून असतो.

बाई अत्यंत श्रद्धाळू होत्या, त्यागाची कल्पना त्यांनी थेट स्वरांवर चालवून दाखवली. तरुणपणी शिक्षकांनी वाट चुकलीय म्हटल्यावर शोस्ताकोविचने त्यांना सांगितलं होतं की त्याच चुकीच्या वाटेने पुढे जा. १९७९ मध्ये सोव्हिएत संगीतकार संघाचा प्रमुख ख्रेन्निकोव्ह याने संघाच्या अधिवेशनात सात संगीतकारांची नावं घेऊन झोडपलं त्यात त्याही होत्या, देनिसोव्हही.

खर्जातली_केतकी

@चिंचेचं_पान, किती नेमकं लिहिलंयस, तू लिहीत जा गं.

@निषाद, पाचही पहिले प्रयोग परदेशात झाले हे खरंच आहे, आणि अध्यक्षपदाचंही. पण निष्कर्ष मला मान्य नाही. एक तर ऑगस्ट १९६८ मध्ये रणगाडे प्रागमध्ये शिरले तेव्हा पाठिंब्याच्या पत्रावर सही करायला श्चेद्रिनने नकार दिला होता, म्हणजे 'घंटानाद' न्यूयॉर्कला वाजला त्याच वर्षी. सरकारी माणूस म्हणून एका वाक्यात निकाली काढता येत नाही त्याला.

दुसरं, संगीताकडे बघा. देखाव्यासाठी लोकसंगीत वापरणारा माणूस सुरावट ओळखू येईल अशी ठेवतो, तिच्याभोवती तारवाद्यांची मखर बांधतो. सोव्हिएत काळात तसं ढिगाने लिहिलं गेलं, प्रत्येक प्रजासत्ताकाच्या नावाने, आणि ते आज कुणी ऐकत नाही. श्चेद्रिन सुरावट फोडतो. 'खट्याळ चास्तुश्का'त एकही गाणं धड संपत नाही, 'घंटानादा'त गाणंच नाही. त्याला लोककलेतली वागण्याची रीत हवी होती, चढाओढ, थर, ओढाताण, आणि ती त्याने ऐंशी वादकांवर सोपवली. १९६६ च्या त्याच्या दुसऱ्या पियानो कॉन्सर्टोत बारा स्वरांचं तंत्र आणि जॅझ चक्क एकमेकांसमोर उभे केलेत, ते तर परदेशी पाहुण्यांसाठी नक्कीच नव्हतं.

शेवटच्या तिघांबद्दल मात्र तुमच्याशी काही प्रमाणात सहमत. सर्कसचा तिसरा मला लांबलेला वाटतो, पंचवीस मिनिटं, विनोद पुरत नाही. चौथा, फेरनृत्यांचा, खूप सुंदर आहे, पहिल्या दोघांतली भांडखोर ऊर्जा त्यात नाही, पण त्यातली लाकडी वाद्यं ऐका, विशेषतः संथ सुरुवात. पाचवा मी क्वचित ऐकते.

नाराज_निषाद

सुरावट फोडण्याचा मुद्दा पटला. तरी ऑफेर्तोरियम आणि चास्तुश्का एका रांगेत मी बसवणार नाही. एकात काहीतरी पणाला लागलंय, दुसऱ्यात नाही.

पेडररोडकर

निषादराव, हसवताना काहीच पणाला लागत नाही असं कोण म्हणतं! ज्या देशात विनोद सांगितला म्हणून माणसं आत गेली तिथे ऐंशी जणांनी मिळून टर उडवणं हे काय कमी आहे? असो, हा वाद इथे मिटणार नाही आणि मिटायचं कारणही नाही. साठच्या दशकातला आंद्रेई एश्पायचा कॉन्सर्टो फॉर ऑर्केस्ट्राही मिळाला तर ऐका, ट्रम्पेट, पियानो, व्हायब्राफोन आणि डबल बास असे चार जण त्यात पुढे येतात, जॅझचा वास तिथेही आहे. त्या दशकात सगळ्यांनाच हे खुणावत होतं.

ढोलकी_आणि_ड्रम

सगळं ऐकतोय एकेक करून. चास्तुश्का ड्रमवाल्याच्या कानाने ऐकला, तो मात्रेचा हिशेब खतरनाक आहे, आघात कुठे पडणार ते तीनदा फसवतो आणि तरी बास चालतच राहतो. आपल्याकडे हे लाइव्ह कुठे ऐकायला मिळेल का? मुंबईत एनसीपीएला?

सातारी_सेलो

सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया तिथलाच आहे, २००६ पासून. संगीत संचालक मरात बिसेंगालिएव्ह मूळचे कझाकस्तानचे व्हायोलिनवादक आणि बरेच वादकही कझाकस्तानातून आलेले, म्हणजे सोव्हिएत पद्धतीच्या शाळांत तयार झालेले हात. त्यामुळे रशियन संगीत तिथे आपल्याच घरच्यासारखं वाजतं. सीझन साधारण फेब्रुवारीत आणि सप्टेंबरमध्ये असतो, कार्यक्रम जाहीर झाला की यादीत शोस्ताकोविच किंवा प्रोकोफिएव्ह दिसतात का बघ आणि जमलं तर बाल्कनीत बस, वरून कोण कधी वाजवतंय ते दिसतं. मी येणार असेन तर इथे टाकेन.

माहेरवाशीण_विदर्भ

मी नागपूरहून येईन. श्निटकेच्या टँगोची लिंक द्या ना कुणीतरी, मला दोन-तीन वेगवेगळी रेकॉर्डिंग दिसताहेत.

सातारी_सेलो

क्रेमर आणि ग्रिंदेन्कोचं घे, ज्यांच्यासाठी लिहिलं त्यांचंच. टँगो पाचव्या भागात आहे, रोंदो, पण थेट तिथे उडी मारू नकोस, चौथा भाग, कडेन्झा, आधी ऐक, तिथे ती दोन व्हायोलिनं एकमेकांच्या अंगावर धावून जातात आणि मधे श्वासही न घेता रोंदोत शिरतात.